दोनशे सोळा नळ्यांचा केसपेपर

१९९८ साली सांगलीत स्वतःला फार शहाणी समजणारी जी माणसं होती, त्यांत माझा नंबर बराच वर होता. विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान होतं. आम्ही मूळचे जत तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणारे. माझे वडील बिराप्पा तेव्हाही शंभरेक मेंढ्या राखून होते आणि मी डिप्लोमा करून हातात स्क्रू ड्रायव्हर धरला होता. घरातला पहिला शिकलेला मुलगा जितका आगाऊ असतो तितका मी होतो. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय पाहिजे ते मीच सांगून टाकत असे.

एप्रिलमधल्या एका सकाळी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर पांढऱ्या साडीतल्या एक बाई उभ्या. वय अठ्ठावन्नच्या घरात, केस घट्ट बांधलेले, काखेत एक जाड फाइल.

"मी माया बनसोडे. मिरजेला दवाखान्यात सिस्टर आहे. मला कॉम्प्युटर पाहिजे."

मी सुरू झालो. नवा पेंटियम टू, रंगीत मॉनिटर, सीडी लावायची सोय, वर दोन गेम फुकट. भाचा इंजिनिअरिंगला असणार, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा एका वेळी चाळीस आवाज काढेल का?"

"कसले आवाज?"

"नळ्यांचे," त्या म्हणाल्या आणि फाइल काउंटरवर ठेवून बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या दवाखान्याच्या आवारात एक छोटं चर्च आहे. त्यात साहेबांच्या काळातला नळ्यांचा ऑर्गन. आपल्या नाटकात वाजतो तो पायपेटीचा ऑर्गन नव्हे. ह्याच्या चार रांगा, प्रत्येक रांगेत चोपन्न नळ्या, कथलाच्या आणि लाकडाच्या. मागे एक माणूस भाता हलवून हवा भरतो, पुढे वाजवणारा पट्टी दाबतो, की त्या पट्टीची नळी बोलते. प्रत्येक रांग उघडायला एक खुंटी असते; चारही खुंट्या ओढल्या तर एका पट्टीला चार नळ्या. हा ऑर्गन एकतीस वर्षं मायासिस्टर वाजवत आल्या होत्या. आता लाकडाला वाळवी लागली होती आणि वरचं छप्पर गळत होतं. जूनमध्ये सगळ्या नळ्या उतरवून दक्षिणेतल्या कुठल्याशा चर्चला द्यायच्या, असं कमिटीनं ठरवलं होतं. सिस्टरही मे अखेर रिटायर होणार होत्या.

"नळ्या गेल्या की तो आवाज कुठंच राहणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझी मुलगी अक्षता पुण्याला रेकॉर्डिंग स्टुडिओत असते. तिनं डिजिटल टेप आणून दिलाय. मी फेब्रुवारीपासून एकेक नळी टेप करतेय. ती म्हणते, हे आवाज कॉम्प्युटरमध्ये घातले की पट्टी दाबल्यावर त्यातून वाजतात. तेवढं काम करणारा कॉम्प्युटर द्या. मला घरात तो ऑर्गन पाहिजे. त्याच्यासारखा नको, तोच पाहिजे."

मी मनातल्या मनात हसलो. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात ऑर्गनचा तयार आवाज असतोच. मी लगेच वाजवायचा कीबोर्ड जोडून तो वाजवून दाखवला. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. दवाखान्यात चुकीच्या खाटेपाशी आल्यासारखा चेहरा करून त्या म्हणाल्या, "छान आहे. पण हे कोण?"

मी कीबोर्डाची वायर काढली.

त्या रविवारी मी मिरजेला गेलो. खरं सांगायचं तर त्यांची जिरवायलाच गेलो होतो. चर्चमध्ये पंधरावीस माणसं. ऑर्गनच्या मागे एक काळासावळा, उंच म्हातारा लाकडी दांडा वरखाली करत होता. ते सिस्टरांचे थोरले भाऊ यल्लाप्पा, दवाखान्यात माळी होते. बहीण वाजवायला लागली तेव्हापासून भाता त्यांच्याकडे. सिस्टरांनी पट्ट्यांवर हात ठेवले आणि माझ्या पायाखालची फरशी बोलायला लागली. मी लहानपणी धनगरी ढोल, गजीच्या नाचातला ताल, सगळं ऐकलं होतं, पण आवाज खालून वर अंगात चढतो हे तिथं कळलं. शेवटच्या सुरावर त्यांनी दहाही बोटं दाबून धरली आणि सगळ्या खिडक्या थरथरल्या. जिरवायचं राहून गेलं.

बाहेर आल्यावर यल्लाप्पा घाम पुसत म्हणाले, "काय गड्या, मिशिनीत बसंल का ह्ये?"

"बसेल की मामा," मी म्हणालो. त्या वेळी मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

सिस्टर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. मग चर्चमध्ये कशा वाजवता, असं मी चहा पिताना विचारलंच. त्या म्हणाल्या, "नर्सिंग शिकायला आले तेव्हा माझ्याकडं ऑर्गनची धूळ पुसायचं काम होतं. पुसता पुसता एक पट्टी दाबली गेली. म्हातारी इंग्रज सिस्टर मागं उभी होती. ती रागावली नाही, स्टूल पुढं सरकवलं. ऑर्गननंही मला काही विचारलं नाही." एवढं बोलून त्यांनी बशीतली बिस्किटं माझ्याकडे ढकलली.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर निवडायचं काम सुरू झालं आणि मला माझाच धंदा नव्याने शिकावा लागला. मी चार कॅबिनेट मांडली. सगळ्यांत वेगवान मशीन मी पहिलं ठेवलं होतं. बाईंनी एकेकाजवळ वाकून डोळे मिटले आणि कान लावला. पेंटियम टूपाशी येताच म्हणाल्या, "ह्याच्या छातीत घरघर आहे."

"पंखा आहे सिस्टर. वेगवान मशीन गरम होतं, त्याला मोठा पंखा लागतो."

"माझी खोली दहा बाय बारा आहे. मऊ नळी वाजवताना मी पंखा ऐकू का नळी ऐकू?"

वेगवान मशीन बाद झालं. मग त्या साउंड कार्डाकडे वळल्या. बत्तीस आवाज एकदम निघतात, असं मी छाती पुढे काढून सांगितलं.

"दहा बोटं, चार खुंट्या. चाळीस झाले. वरच्या आठांचं काय होतं?"

"चालून जातं. कळत नाही."

"दाखवा."

मी दाखवलं. पट्ट्या दाबत गेलो. बत्तीस झाले, तेहेतिसावा आवाज आला आणि सर्वांत आधी दाबलेला सूर गप झाला. मग दुसरा गेला, मग तिसरा. खाली धरून ठेवलेला तो भारदस्त सूर, जो मिरजेत माझ्या पायातून वर चढला होता, तोच सगळ्यांत आधी जात होता.

"म्हणजे वॉर्डात बत्तीस खाटा आहेत," सिस्टर म्हणाल्या, "आणि नवा पेशंट आला की तुम्ही सगळ्यांत जुन्याला खाली उतरवता."

मी चार वर्षं ही कार्डं विकत होतो. असं कुणी मला कधी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन कार्डं घालायची, दोन रांगा एकावर आणि दोन दुसऱ्यावर, हा तोडगाही त्यांचाच. "एक वॉर्ड भरला की दुसरा उघडायचा," त्या म्हणाल्या. आता गंमत अशी, की ती जाड कार्डं बसायला ज्या लांब खाचा लागतात, त्या नव्या मदरबोर्डावर एक नाहीतर दोन, आणि त्यातलीही एक कशात तरी अडकलेली. जुन्या मदरबोर्डावर चांगल्या चार. म्हणजे मी ज्याला भंगार म्हणून कोपऱ्यात टाकलं होतं, ते सावकाश चालणारं, कमी तापणारं, बारक्या पंख्याचं मशीन त्यांच्या कामाला सगळ्यांत योग्य होतं. त्याला कान लावून त्या म्हणाल्या, "हा झोपलाय शांत. हाच द्या, धनाजीराव."

दुकानातलं सगळ्यांत जुनं मशीन सगळ्यांत जास्त विचार करून घेणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एक अडचण उरली. टेप केलेले आवाज त्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बसतात आणि त्या मेमरीच्या स्टिक जुन्या पद्धतीच्या लागतात. त्या बाजारातून गेल्या होत्या. मी कोल्हापूर पालथं घातलं, पुण्याला फोन केले. शेवटी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या पावत्या काढणारी जुनी मशीनं गोदामात पडल्याचं कळलं. तिथल्या राखणदार बाबाने मला आत सोडलं. मळीच्या वासात अर्धा दिवस बसून मी नऊ मशीनं उघडली आणि चार धड स्टिक घेऊन आलो. सिस्टरांना त्या हातात दिल्या तेव्हा त्यांनी कापसाने पुसून ठेवल्या. मला त्या दिवशी उगाचच फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

मे संपला. सिस्टर रिटायर झाल्या आणि कुपवाड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात नळ्या उतरल्या, गवतात गुंडाळून खोक्यांत भरल्या आणि मिरज जंक्शनवरून गेल्या. यल्लाप्पामामा स्टेशनवर पोचवायला गेले होते.

त्यानंतर मी टेपवरचे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतले, एकेक कापून त्याच्या पट्टीवर बसवला आणि पहिल्यांदा तीन पट्ट्या एकदम दाबल्या. प्रत्येक नळी एकटी गोड होती, पण दोन शेजारी उभ्या केल्या की एकमेकींशी भांडत होत्या. एक चढी, एक उतरी. दोनशेवर नळ्यांचा नुसता बाजार भरला होता.

सिस्टरांनी दुकानात येऊन ऐकलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली. पुन्हा टेप करायला आता नळ्याच नव्हत्या.

मी सुचवलं, प्रत्येक नळी मीटरवर मोजतो आणि गणिताप्रमाणे बरोबर सुरात आणतो. त्या म्हणाल्या, "ऑर्गनमधली प्रत्येक नळी जराजरा बाजूला होती. म्हाताऱ्या सिस्टरनं कानानं लावलेल्या. सगळ्यांना एकाच मापात बसवलं तर ते तुमच्या कार्डातलंच होईल." मग "माझंच चुकलं कुठंतरी," एवढं म्हणाल्या. मी मशीन तसंच ठेवून त्यांची ती फाइल उचलून घरी आलो.

फाइलमध्ये प्रत्येक नळीचा केसपेपर होता. मी आजवर ती नुसती यादी समजत होतो. नळीचा नंबर, रांग, तारीख, वेळ, भाता कुणी घातला, शेरा. 'खालचा ओठ वाकलेला.' 'सुरुवातीला खोकते, मग बरी.' 'कावळा ओरडला, पुन्हा घेतली.' आणि प्रत्येक कागदावर वरच्या उजव्या कोपऱ्यात तपमान. एकोणीस. सव्वीस. चौतीस. चर्चच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर बघून लिहिलेलं. ऑर्गनचं तपमान कशाला लिहायचं? सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "केसपेपरला लिहायचंच असतं."

वेळा पाहिल्या आणि घोटाळा उमगला. टेप करायचं काम ड्यूटी सांभाळून चाललेलं. रात्रपाळी असेल तर सुटल्यावर पहाटे, सकाळपाळी असेल तर दुपारी सगळे झोपलेले असताना. फेब्रुवारीची पहाट आणि मेची दुपार ह्यांत पंधरा डिग्रींचा फरक. हवा तापली की नळीचा सूर चढतो. चर्चमध्ये हे कधी कळलं नव्हतं, कारण तिथं सगळ्या नळ्या एकदमच तापायच्या आणि एकदमच निवायच्या. पाळ्या बदलत काम करणाऱ्या सिस्टरशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाजवळ तिचं औषधही नसतं.

कारण अकरा नळ्या त्यांनी दोनदा टेप केल्या होत्या. कुठे कावळा, कुठे रेल्वेचा भोंगा, कुठे यल्लाप्पामामांची शिंक. तीच नळी, दोन वेगळे दिवस, दोन तपमानं. मी त्या अकरा जोड्या मोजल्या. शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचे शंभर भाग केले, तर दर डिग्रीला सूर तीन भाग चढत होता. अकराही ठिकाणी तेच. मी वही मिटली. मला त्या क्षणी त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले, हे इथं लिहायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना विचारलं, "कुठल्या तपमानाला आणू सगळ्यांना?"

"बावीस," त्या विचार न करता म्हणाल्या. "नाताळच्या सकाळी बावीस असायचं. तेव्हा तो सगळ्यांत चांगला वाजायचा."

तीन आठवडे मी ते काम केलं. केसपेपर बघायचा, तपमान बघायचं, त्या मानाने सूर खाली किंवा वर आणायचा. नळ्या एकेक करून भांडायच्या थांबल्या. एकशे त्रेचाळीस नंबरचा कागद आला तेव्हा मात्र टेपवर काहीच सापडलं नाही. त्या कागदावर लिहिलं होतं : 'तिसरी रांग, पस्तिसावी. बोलत नाही. मी आले तेव्हापासून नाही.' एवढंच. एक नळी मुकी म्हणजे घोड्याच्या तोंडातला एक दात पडल्यासारखं. मी एकशे बेचाळीस घेतली, एक सूर वर चढवली, सुरुवातीला थोडी हवा मिसळली आणि त्या जागी बसवून टाकली. अर्ध्या तासाचं काम, पण इतकं बेमालूम, की सिस्टरांना हे आश्चर्य म्हणून द्यायचं असं मी ठरवलं.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी सगळं त्यांच्या खोलीत मांडलं. पुण्याहून अक्षता आली होती. यल्लाप्पामामा ट्रंकेवर बसले आणि मशीनकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्येच्यात हवा कोन घालतंय?"

"वीज," मी म्हणालो.

"मंजी आता मीबी रिटायर," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि दोन्ही तळवे साडीला पुसत होत्या.

आधी त्यांनी चारही रांगा घेऊन दहा बोटं दाबली. चाळीसच्या चाळीस आवाज उभे राहिले आणि एकही खाली उतरला नाही. खोली लहान, तरी फरशी बोलली. अक्षताने तोंडावर हात धरला. मग सिस्टरांनी एकटी तिसरी, मऊ रांग घेतली आणि हळूहळू एक चाल वाजवायला लागल्या. घरी त्यांची आई म्हणायची ती बुद्धवंदना. एकतीस वर्षांत त्यांनी ती ऑर्गनवर कधी वाजवली नव्हती. तो दुसऱ्यांच्या प्रार्थनेचा होता, असं त्या म्हणत. मी भिंतीला टेकून शाबासकीची वाट बघत होतो.

दुसऱ्या ओळीत त्या थांबल्या. एका पट्टीवर बोट ठेवून ती त्यांनी एकटीच दाबली. पुन्हा दाबली.

"ही कोण?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. कशी बनवली, हवा कशी मिसळली. त्यांनी ऐकून घेतलं. "चांगली केलीय," त्या म्हणाल्या. "काढून टाका."

मी चिडलो. तीन महिने मी ह्या यंत्रापायी दुकान वाऱ्यावर सोडलं होतं. "सिस्टर, चाल मधेच तुटेल. भोक राहील तिथं. आणि कुणाला कळणार आहे?"

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल उघडली, एकशे त्रेचाळीसचा कागद काढला आणि पेनासकट माझ्या हातात दिला.

"मग इथं भरा," त्या म्हणाल्या. "तारीख, वेळ, तपमान. आणि ती बोलताना कुणी ऐकली, त्याचं नाव."

मी पेनाचं टोपण काढलं. तपमानाच्या रकान्यावर टोक टेकवलं. मला काहीही लिहिता आलं असतं, बावीस, सव्वीस, माझं नावही लिहिता आलं असतं, आणि सांगलीत कुणी विचारायला येणार नव्हतं. पण ज्या दोनशे पंधरा कागदांवर विश्वास ठेवून मी तीन आठवडे काम केलं होतं, त्यांतला एकही मग मला खरा वाटला नसता. मी टोपण लावलं, मशीनपुढे बसलो आणि ती नळी पुसली.

सिस्टरांनी वंदना पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या ओळीत बोट त्या पट्टीवर गेलं, पट्टी खाली गेली, आणि काही वाजलं नाही. त्यांनी घाई केली नाही. त्या सुराला जेवढा वेळ द्यायचा तेवढा त्यांनी दिला आणि मग पुढे गेल्या.

ट्रंकेवरून यल्लाप्पामामा म्हणाले, "हां. हितनंच हवा फुसकन जायाची. आता आमचा हाय ह्यो."

सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी पट्ट्यांवर पडत होतं आणि त्या वाजवत होत्या. शेवटचा सूर संपल्यावर त्यांनी माझ्या हातातला तो कागद घेतला, फाइलमध्ये एकशे बेचाळीस आणि एकशे चव्वेचाळीसच्या मधे लावला, आणि अक्षताला सांगितलं, "धनाजीरावांना पोहे दे आधी. सकाळपासून उपाशी आहेत."